मोठ्या आतड्याचा कर्करोग : जनुकांचे बटण अडकते तेव्हा

आपल्या डोळ्यातल्या आणि आतड्यातल्या पेशींमध्ये जनुके तीच असतात. फरक एवढाच, की कुठे कोणती चालू आणि कोणती बंद. या चालू-बंद करण्याला जनुक-नियमन म्हणतात. ते बिघडले की काय होते, हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात स्पष्ट दिसते.

आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूलपेशी सतत विभागतात. नव्या पेशी वर सरकतात आणि काही दिवसांत झडून जातात. तळाशी ‘बीटा-कॅटेनिन’ हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरून वाढीची जनुके चालू ठेवते. पेशी वर सरकली की ‘एपीसी’ हे प्रथिन इतर प्रथिनांच्या मदतीने बीटा-कॅटेनिनची विल्हेवाट लावते. मग विभाजन थांबते.

एपीसीचे जनुक 1991 मध्ये ओळखले गेले. या कर्करोगाच्या सुमारे 80 टक्के गाठींत ते निकामी झालेले आढळते. मग बटण ‘चालू’वरच अडकते, पेशी वर जाऊनही विभागत राहते आणि अस्तरावर पॉलिप उगवतो.

दुसरा बिघाड वेगळा आहे. त्यात जनुकाची अक्षरे शाबूत असतात, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि ते वाचलेच जात नाही. डीएनएची नक्कल होताना चुका दुरुस्त करणारे ‘एमएलएच-1’ असे गप्प झाले, की चुका साचत जातात.

मात्र एका बिघाडाने कर्करोग होत नाही. ‘केरास’, ‘टीपी-53’ अशी आणखी जनुके बिघडावी लागतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, आणि सगळ्याच पॉलिपचा होतही नाही. हाच अवधी आपल्या हाती असतो. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढला, की पुढची साखळीच तुटते. 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली शौचाच्या नमुन्याची डीएनए चाचणी तर हीच मिथाइलची खूण शोधते.

अमेरिकेत 2021 पासून वयाच्या 45व्या वर्षी तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे; इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर चाचणीचा संच टपालाने घरी येतो. संकोचापायी तो कपाटात पडू देऊ नका. घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर तपासणी याहून लवकर लागू शकते. डॉक्टरांना तसे सांगा. आणि शौचावाटे रक्त गेले, तर ‘मूळव्याधच असेल’ असे स्वतःच ठरवू नका.