पगार थांबल्यानंतरचे घर

नोकरी मिळण्याच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. राखीव जागा, अनुशेष, मुलाखतीत होणारी डावलणूक यांवर आपण परिसंवाद घेतो, मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. पण मिळालेली नोकरी सुटली तर त्या माणसाच्या घरात पुढच्या सहा महिन्यांत काय काय घडते, याची चर्चा फारशी होत नाही. ज्याची नोकरी जाते तो बोलत नाही, आणि ज्याची शाबूत असते त्याला विचारायचा संकोच वाटतो. आज कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली आहे. तेव्हा हा विषय घराघरातला झाला आहे.

प्रथम एक फरक समजून घेतला पाहिजे. पांढरपेशा घरातील माणसाची नोकरी गेली तर एक पगार थांबतो. त्याच्यामागे वडिलांचे पेन्शन असते, स्वतःच्या मालकीची खोली असते, कुठल्याशा कचेरीत मामा किंवा मेहुणा असतो. आपल्या वस्तीतील पहिल्या पदवीधराचा पगार एका घराचा नसतोच. त्यातून गावाकडे आईच्या औषधाचे पैसे जातात, धाकट्या भावाच्या वसतिगृहाचे जातात, बहिणीच्या बाळंतपणाचे जातात. हा पगार थांबला की तीन-चार चुली एकदम मंदावतात. शिवाय ज्यांच्याकडे शब्द टाकावा ते मित्रही बहुधा त्याच कंत्राटदाराच्या यादीत असतात.

हा फरक आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. ज्या खात्यात मजुरी चांगली तेथेच दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो कामगार पुन्हा कामावर परतले नाहीत. त्या काळात ज्यांचा गावी जमिनीचा तुकडा होता ते पेरणीला गावी गेले, दाणे घेऊन आले. ज्यांच्या वाट्याला फक्त वतनाची जमीन होती त्यांचे काय? १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली. गुलामीचे ते जू गेले हे चांगलेच झाले. पण वतनाच्या पुष्कळ जमिनी त्याआधीच गहाण-खंडाने दुसऱ्यांच्या कब्जात गेल्या होत्या. संप एकच होता, टिकून राहण्याची ताकद मात्र जातीप्रमाणे वेगवेगळी होती. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले असे मला वाटत नाही.

आता आजच्या कारखान्याकडे वळू. कामावरून कमी करताना सहसा कुणी ‘तुला काढले’ असे लिहून देत नाही. साहेब खोलीत बोलावतो, पाणी देतो आणि म्हणतो, “राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच मिळेल. नाहीतर शेरा खराब जाईल, दुसरीकडे कोणी घेणार नाही.” माणूस घाबरून सही करतो. त्या सहीची किंमत किती?

समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून दरमहा १८,००० रुपये आहेत आणि नोकरी सलग आठ वर्षांची आहे. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, महिना २६ दिवसांचा धरून मोजतात. ती सुमारे ८३,००० रुपये होते. पाच वर्षे पुरी झालेली असल्यामुळे ती राजीनामा दिला तरी मिळते. पण कामगार म्हणून कपात झाली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे वेगळी भरपाई मिळायला हवी. आठ वर्षांचे हे साधारण चार पगार होतात. राजीनाम्यावर सही केली की हे चार पगार आणि नोटीशीचा पाचवा बुडाला. शिवाय मला अन्यायाने काढले असे म्हणण्याची वाटही अरुंद होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील इतर तरतुदींबद्दल कामगार संघटनांच्या तक्रारी आहेत आणि त्यांतील पुष्कळ मला रास्त वाटतात. पण दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात. नोकरी संपल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष पुरते. तेव्हा सही मागितली तर “कागद घरी नेऊन वाचतो” एवढेच म्हणावे. त्यासाठी भांडण करावे लागत नाही.

प्रॉव्हिडंट फंडाचेही असेच. हातात पैसा नाही म्हणून फंडाबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली जाते. पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने येतो. सात वर्षे झालेल्या माणसाने ती रक्कम न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेतले, तर पुढच्या नोकरीतील वर्षे त्यात मिळवता येतात. काढली तर म्हातारपणाचा आधार थोड्या रोख पैशात गेला.

यानंतर कर्ज. माझ्या मते घर बुडते ते गरिबीपेक्षा देण्याच्या उलट्या क्रमाने. दारात उभा राहून जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात. जे ओरडत नाहीत, म्हणजे मुलीचा परीक्षेचा फॉर्म, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचे बिल, ते मागे पडतात. हा क्रम ठरवून बदलला पाहिजे. धान्य, औषध, भाडे-वीज आणि मुलांचा फॉर्म आधी, हप्ता त्यानंतर. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेला नोकरी गेल्याचे लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. थकल्यानंतर केलेल्या अर्जाला कमी किंमत असते.

वस्तीतल्या खासगी सावकाराचा दर शेकडा दहा, तोही महिन्याचा. दहा हजार घेतले तर वर्षात बारा हजार व्याज जाते आणि मुद्दल तसेच उभे. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दागिना असलाच तर बँकेत तारण ठेवावा.

गटाच्या कर्जाचा प्रकार अधिक नाजूक. नोकरी नवऱ्याची जाते, पण फायनान्स कंपनीचा हप्ता बाईच्या नावावर असतो. एकीने भरला नाही की बाकीच्या नऊ जणींना थांबवून ठेवतात. मग अपमान कंपनी करीत नाही, शेजारीण करते. कंपनीचे काम फुकटात होते आणि वस्ती फुटते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी व संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही, धाकदपटशा करता येत नाही. महिला मंडळाच्या फलकावर हे दोन ओळींत लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

पैशाइतकेच जड असते ते लपवणे. डबा घेऊन रोजच्या वेळी घराबाहेर पडायचे, दिवसभर वाचनालयात किंवा स्टेशनच्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळी परतायचे. शिकलेल्या माणसात हे जास्त. वस्तीने ज्याच्याकडे बोट दाखवून पोरांना अभ्यासाला बसवले, तो रिकामा कसा दिसणार? मी स्वतः काही वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. एप्रिलमध्ये तास संपत, मानधन कित्येक महिने रखडे, आणि गावात मात्र मी ‘प्रोफेसर’. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडताना कार्यकर्ते माझ्या नावापुढे सर्वांत मोठा आकडा लिहीत आणि मी तो उसने काढून देत असे. माझ्यासारखे आज राज्यात पुष्कळ आहेत. कंत्राटी नेमणुकीत राखीव जागांचा प्रश्नच निकालात निघतो, हे सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. विरोधामुळे तो निर्णय पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला. कंत्राटी पद्धत मात्र चालूच राहिली.

लपवण्याचा खरा तोटा व्यवहाराचा आहे. बायकोला माहीत नसेल तर घरखर्च पूर्वीच्याच मापाने चालतो आणि पहिल्या दोन महिन्यांत शिल्लक संपते. मुलांच्या शाळेत सांगितले नाही तर फी-सवलत मिळत नाही. उत्पन्नाचा नवा दाखला काढला नाही तर मुलगा शिष्यवृत्तीला पात्र असूनही अर्ज करीत नाही. शिक्षक मित्रांनी येथे लक्ष घालावे. एखादा विद्यार्थी अचानक सकाळच्या तासांना गैरहजर राहू लागला, तर हजेरीचा नियम दाखवण्यापूर्वी घरी कोणाचे काम सुटले आहे काय, तो कुठे पेपर टाकायला किंवा हमालीला जातो काय, हे एकटे गाठून विचारावे. वर्गात विचारू नये.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम. कामगार आयुक्तांच्या कचेरीत एकटा गेलेला माणूस “उद्या या” ऐकून परततो. बरोबर दुसरा कोणी असला की त्याचा अर्ज आत जातो. जाताना नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक, फंडाचा क्रमांक आणि हजेरीचा कोणताही पुरावा, गेटपास असला तरी चालेल, यांच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नये.