छातीवरील दुसरी शस्त्रक्रिया : केव्हां करावी, केव्हां टाळावी?

नांदेडास गोदावरीच्या घाटावर एखादा तरुण अंगांतील सदरा न काढतांच स्नानास उतरतो. लातुरास शिक्षणासाठीं आलेला दुसरा व्यायामशाळेची पायरीच चढत नाहीं. छाती स्त्रीप्रमाणें उभारलेली दिसते, हें त्याचें कारण असतें. वयांत येतांना हा उभार पुष्कळ मुलांना येतो व बहुधा वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. जो ओसरत नाहीं, त्यावर शस्त्रक्रिया करतात. सातव्या शतकांतील ग्रीक वैद्य पॉल एजिनेटा यानेंही तिचें वर्णन केलें आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतरही छाती मनासारखी दिसली नाहीं, तर ती पुन्हां करावी काय?

पहिलें उत्तर असें, कीं थांबावें. सूज तीन ते सहा महिने रेंगाळते आणि व्रण मऊ होण्यास वर्ष किंवा अधिक काळ लागतो. आरंभीं हातास लागणारा कठीणपणा पुष्कळदां व्रणाचाच असतो. ओल्या भिंतीच्या रंगाची परीक्षा कोणी करीत नाहीं. तसाच सहा महिन्यांच्या आंत येथें निकाल ठरवूं नये. वर्षभर थांबणें अधिक बरें.

मात्र कांहीं लक्षणें थांबण्याजोगीं नसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्यानें फुगून ताठ झाली, तर आंत रक्त सांचल्याचा संशय घ्यावा. ताप, वाढती लाली, पू, स्तनाग्र काळवंडणें किंवा धाप लागणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. नांदेडास १९८८ पासून व लातुरास २००२ पासून शासकीय वैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. पुण्या-मुंबईच्या शस्त्रवैद्याच्या भेटीची वाट पाहण्यांत रात्र दवडूं नये.

वर्ष लोटल्यावर मुख्यतः तीन दोष दुसऱ्या शस्त्रक्रियेस पात्र ठरतात. ग्रंथीचा भाग मागें राहिला असेल, तर तो काढतां येतो. ग्रंथी अधिक काढल्यामुळें स्तनाग्राखालीं बशीसारखा खळगा पडला असेल, तर पोटाची किंवा मांडीची चरबी तेथें भरतात. तींतील कांहीं जिरत असल्यानें हें काम कधीं दोनदां करावें लागतें. कातडी सैल लोंबत असेल, तर ती कमी करतात. दोन बाजूंतील किंचित् फरक मात्र निसर्गाचाच असतो.

उभार पुन्हां वाढत असेल, तर आधीं कारण शोधावें. स्नायू फुगविण्यासाठीं घेतलेलीं स्टेरॉइडें, कांहीं औषधें, यकृताचे विकार व अंतःस्रावांतील बिघाड हीं कारणें कायम राहिल्यास दुसरी शस्त्रक्रियाही व्यर्थ जाते. एकाच बाजूस नवी कठीण गांठ आली किंवा स्तनाग्रांतून रक्त आलें, तर सौंदर्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम कर्करोगाची तपासणी करावी. पुरुषांत तो विरळा, पण अशक्य नव्हे.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कठीण असते, कारण सुरी व्रणांतून चालवावी लागते. म्हणून पहिल्या वेळचा अहवाल, काढलेल्या ग्रंथीची तपासणी व छायाचित्रें घेऊन प्लास्टिक सर्जरीचें शिक्षण घेतलेल्या शस्त्रवैद्याकडे जावें. कोणता दोष कितपत सुधारेल, हें तो स्पष्ट सांगेल तरच संमति द्यावी. दोषाला नांव देतां येत नसेल, तर सुरी दूर ठेवणें हेंच शहाणपण होय.