गुणोत्तर श्रेढीची बेरीज

ज्या श्रेढीतील प्रत्येक पद त्याच्या लगतच्या आधीच्या पदास एकाच स्थिर संख्येने गुणून मिळते, तिला गुणोत्तर श्रेढी (किंवा भूमितीय श्रेढी) म्हणतात. या स्थिर संख्येला साधारण गुणोत्तर व पहिल्या पदाला आदिपद अशी नावे आहेत. उदा., ३, ६, १२, २४, ४८ ही आदिपद ३ व साधारण गुणोत्तर २ असलेली पाच पदांची श्रेढी होय. पदांची संख्या मर्यादित असल्यास श्रेढी सांत आहे असे म्हणतात. अंकगणितीय श्रेढीत पदे समान फरकाने बदलतात, तर गुणोत्तर श्रेढीत ती समान प्रमाणात बदलतात. त्यामुळे गुणोत्तर १ पेक्षा मोठे असल्यास थोड्याच पदांत संख्या अतिशय मोठ्या होतात आणि पदे एकेक करून मिळविणे कष्टाचे ठरते. तथापि सर्व पदे न लिहिता केवळ आदिपद, गुणोत्तर व पदसंख्या यांवरून ही बेरीज काढता येते. चक्रवाढ व्याजाने वाढणाऱ्या आवर्ती ठेवी आणि कर्जाचे समान हप्ते यांचे गणित या बेरजेवरच आधारलेले आहे.

बेरजेचे सूत्र : वरील श्रेढीची बेरीज ब मानू. प्रत्येक पदाला २ ने गुणल्यास ६, १२, २४, ४८, ९६ ही पदे मिळतात व त्यांची बेरीज २ब होते. या दोन श्रेढींतील ६, १२, २४ व ४८ ही पदे समाईक आहेत. म्हणून वजाबाकी केली असता मधली सर्व पदे नाहीशी होतात व केवळ दोन टोके उरतात : २ब − ब = ९६ − ३, म्हणजे ब = ९३.

हीच युक्ती कोणत्याही गुणोत्तरास लागू पडते. आदिपद अ, गुणोत्तर ग व पदसंख्या न असून ग चा न-वा घात घ या अक्षराने दर्शविला, तर मूळ श्रेढी अ पासून सुरू होते आणि गुणलेली श्रेढी अघ या पदापाशी संपते. म्हणून गब − ब = अघ − अ. यावरून

ब = अ (घ − १) ÷ (ग − १)

हे सूत्र मिळते. ग ची किंमत १ पेक्षा कमी असल्यास तेच सूत्र ब = अ (१ − घ) ÷ (१ − ग) असे लिहिणे सोयीचे असते. गुणोत्तर ऋण असले तरी सूत्र बदलत नाही, उदा., १ − २ + ४ − ८ + १६ या बेरजेसाठी ग = −२, घ = −३२ व ब = (−३३) ÷ (−३) = ११. मात्र ग = १ असताना भाजक शून्य होतो व सूत्र निरर्थक ठरते; तेव्हा सर्व पदे सारखीच असल्याने ब = नअ हे उघड आहे. ग ची किंमत −१ व १ यांच्या दरम्यान असल्यास पदसंख्या वाढेल तसा घ शून्याकडे जातो व बेरीज अ ÷ (१ − ग) या सीमेकडे जाते. अनंत गुणोत्तर श्रेढीची बेरीज ती हीच.

इतिहास : ईजिप्तमधील ऱ्हिंड पपायरसात (सु. इ. स. पू. १५५०) ७, ४९, ३४३, २,४०१ व १६,८०७ या संख्यांची बेरीज १९,६०७ दिली असून शेजारी २,८०१ ला ७ ने गुणून तीच संख्या काढलेली आहे. यातील २,८०१ म्हणजे पहिल्या चार पदांची बेरीज अधिक १ होय. यूक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या नवव्या खंडात (सु. इ. स. पू. ३००) सर्वसाधारण नियम प्रमाणाच्या भाषेत सिद्ध केला आहे.

भारतात महावीराचार्य यांच्या गणितसारसंग्रहात (सु. इ. स. ८५०) व भास्कराचार्य (दुसरे) यांच्या लीलावतीत (११५०) हा नियम आढळतो. लीलावतीतील श्रेढीव्यवहार या प्रकरणात त्याबरोबरच मोठा घात थोडक्यात काढण्याची रीतही दिली आहे. गच्छ म्हणजे पदसंख्या विषम असेल, तर तीतून १ वजा करून ‘गुण’ असे लिहावे. सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ असे लिहावे. शून्य येईपर्यंत असे करीत जावे. नंतर शेवटच्या खुणेपासून उलट क्रमाने गुणोत्तराने गुणीत व वर्ग करीत यावे, म्हणजे इष्ट घात मिळतो. पिंगलांच्या छंदःशास्त्रात २ चे घात काढण्यासाठी याच धर्तीची रीत आहे.

लीलावतीतील उदाहरण असे : एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या व पुढे रोज दुप्पट देण्याचे मान्य केले, तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? येथे अ = २, ग = २, न = ३०. गच्छ ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ० असा उतरत जातो व वर्ग, गुण, वर्ग, गुण, वर्ग, गुण, वर्ग, गुण अशा आठ खुणा मिळतात. उलट क्रमाने २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ व १,०७,३७,४१,८२४ या संख्या येतात. शेवटच्या संख्येतून १ वजा करून आदिपद २ ने गुणल्यास (ग − १ येथे १ च आहे) बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या होते. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म व १६ द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने तिचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या होतात. दोन कवड्यांपासून आरंभिलेले दान महिनाअखेर लाख निष्कांपलीकडे जाते.

व्यवहारातील उपयोग : कर्जाच्या समान मासिक हप्त्यात चालू महिन्याचे व्याज व मुद्दलाचा काही भाग असे दोन अंश असतात. १,००,००० रु. कर्ज दरमहा १ टक्का व्याजाने ६० हप्त्यांत फेडावयाचे आहे असे समजू. पहिल्या महिन्याचे व्याज १,००० रु. होते. पहिल्या हप्त्यातील मुद्दलाचा भाग अ असल्यास बाकी मुद्दल तेवढे घटते. म्हणून पुढील महिन्याचे व्याज अ च्या १ टक्क्याने कमी होते आणि हप्ता कायम असल्यामुळे तेवढीच रक्कम मुद्दलाच्या भागात वाढते. अशा रीतीने दर महिन्याला मुद्दलाचा भाग १·०१ पट होत जातो. हे ६० भाग गुणोत्तर श्रेढीत असून त्यांची बेरीज १,००,००० रु. असली पाहिजे. १·०१ चा ६० वा घात सु. १·८१६७ आहे. म्हणून अ × ०·८१६७ ÷ ०·०१ = १,००,००० यावरून अ = १,२२४·४४ रु. व हप्ता २,२२४·४४ रु. येतो. एकूण व्याज सु. ३३,४६७ रु. होते. येथे भाजक फार लहान असल्याने घातातील चूक शंभरपट होते. घात १·८२ असा स्थूल घेतल्यास हप्ता सु. ५ रु. नी चुकतो.

याउलट काही सावकारी व हप्तेबंदीच्या व्यवहारांत ‘वार्षिक १२ टक्के’ हा दर पाचही वर्षे मूळ रकमेवर आकारला जातो. मग व्याज ६०,००० रु. व हप्ता २,६६६·६७ रु. होतो. मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर द्यावे लागते. या हप्त्याला जुळणारा खरा दर वरील समीकरणावरून काढल्यास तो दरमहा सु. १·६९ टक्के, म्हणजे वर्षाला सु. २०·३ टक्के येतो. दोन्ही व्यवहारांत दर १२ टक्केच सांगितला जात असला, तरी कर्जदारावर पडणारा बोजा भिन्न असतो व तो केवळ या बेरजेवरूनच कळून येतो.