कयाक उलटली तर काय कराल?

गोराई-मनोरीच्या खाडीत कयाक घेऊन उतरणाऱ्यांनो, मुंबईचं पाणी कोमट म्हणून गाफील राहू नका. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढतं. जास्त वेळ पाण्यात राहिलात तर हुडहुडी भरते, हातांची पकड सुटते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला ओहोटीची ओढ जबर असते, ती थेट समुद्राकडे नेते.

उलटलात तर कयाक सोडू नका. जोडीदाराने तिचं टोक आपल्या कयाकवर ओढून पाणी काढायचं, ती सरळ करून घट्ट धरायची. तुम्ही पाय मारत पोटावर आडवे चढा, मग बसा. आधी किनाऱ्याजवळ सराव करा.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा, एकटे जाऊ नका. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आत्ताच सेव्ह करा!