घडीच्या फोनची किंमत आणि त्याचा उपयोग

घडी घालता येणारा स्मार्टफोन घ्यावा की नाही, याचा विचार करणाऱ्या ग्राहकाच्या मनात पहिली शंका येते ती पडदा मोडण्याची, आणि या शंकेला कारणही तसेच घडलेले आहे. सॅमसंगने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गॅलॅक्सी फोल्ड’ सादर केला, परंतु एप्रिलमध्ये समीक्षकांना दिलेल्या फोनांपैकी काहींचे पडदे थोड्याच दिवसांत निकामी झाले. कोणी पडद्याचाच भाग असलेला वरचा पातळ थर साधे आवरण समजून सोलून काढला होता, तर कुठे फटीतून कण आत शिरले होते. विक्री पुढे ढकलावी लागली आणि सुधारलेला फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला.

पडद्याची घडी पडू शकते, याचे मूळ ओएलईडी तंत्रात आहे. या तंत्रात पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो, त्यामुळे जुन्या एलसीडी पडद्यामागे लागणारा प्रकाशाचा ताठ थर येथे लागत नाही आणि सारी रचना लवचिक प्लॅस्टिकवर उभारता येते. कोणतीही वस्तू वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते, मात्र मध्ये एक पातळी अशी असते की जिथे ताण जवळजवळ शून्य असतो. पडद्यातील सर्वांत नाजूक थर या पातळीच्या जवळ ठेवण्यातच अभियंत्यांचे कौशल्य पणाला लागते. अनेक फोनांत त्यावर केसाहूनही पातळ काच असते, पण बोट ज्याला लागते तो वरचा थर प्लॅस्टिकचाच असल्यामुळे नखाचाही ओरखडा त्यावर उमटू शकतो.

बिजागरीबाबत मात्र भीती बरीचशी जुनी झाली आहे. पूर्वी दोन लाख घड्यांचा दावा करणारी सॅमसंग २०२५ च्या ‘गॅलॅक्सी झेड फोल्ड ७’साठी पाच लाखांचा दावा करते, आणि दिवसातून शंभर वेळा उघडझाप केली तरी हा आकडा गाठायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. अर्थात हा प्रयोगशाळेतील आकडा आहे, आणि प्रयोगशाळेत धूळ नसते. या फोनचे संरक्षण-मानांकन ‘आयपी ४८’ आहे. त्यातील दुसरा अंक पाण्यापासूनचा बचाव सांगतो, तर पहिला अंक, म्हणजे चार, एवढेच सांगतो की एक मिलिमीटरहून मोठे कण आत जाणार नाहीत. रस्त्यावरची धूळ किंवा कोकणच्या किनाऱ्यावरची बारीक वाळू त्याहून कितीतरी सूक्ष्म असते. गूगलच्या ‘पिक्सेल १० प्रो फोल्ड’ला धुळीपासून पूर्ण संरक्षणाचे ‘आयपी ६८’ मानांकन मिळाले आहे, त्यामुळे हा दोष असाध्य नाही. तरीही आतला पडदा बिघडला तर येणारा खर्च हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांच्या पटीत मोजावा लागतो आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला ते काम सहसा पेलत नाही.

आता या साऱ्या खटाटोपातून हाती काय येते, ते पाहू. फोल्ड ७ चा आतला पडदा आठ इंचांचा व जवळजवळ चौरस आहे, आणि ६.९ इंची साध्या फोनच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन पट भरते. पण चित्रपट आडव्या चौकटीचे असतात. चौरस पडद्यावर वर-खाली काळे पट्टे उरतात आणि दृश्य प्रत्यक्षात सहसा फार तर एक-तृतीयांशानेच मोठे दिसते. चित्रपटांसाठी हा फोन घेणाऱ्याची येथे फसगतच होते. खरा लाभ आहे तो कागदपत्रे वाचणाऱ्याला: शासन निर्णय, न्यायालयीन निकाल, सातबारा उतारा यांसारखे ‘ए-फोर’ आकाराचे पान साध्या फोनवर मूळ रुंदीच्या जेमतेम एक-तृतीयांश दिसते, तर येथे ते निम्म्या रुंदीचे होते आणि दर ओळीला पान सरकवण्याची कटकट वाचते.

यात एक गंमतीदार विसंगती आहे. २०१९ च्या फोल्डचा बाहेरचा पडदा अवघा ४.६ इंचांचा असल्यामुळे फोन उघडणे भाग पडे. आज तोच ६.५ इंचांचा झाल्याने फोन न उघडताच बहुतेक कामे उरकतात. बाहेरचा पडदा जसजसा सुधारतो, तसतसे आतल्या महागड्या पडद्याचे प्रयोजन कमी होत जाते.

पाकिटासारखा मिटणारा ‘फ्लिप’ प्रकार तुलनेने स्वस्त आहे. २०२३ मध्ये ‘मोटोरोला रेझर ४०’ भारतात ५९,९९९ रुपयांना आला होता. उघडल्यावर तो साधा फोनच असतो, त्यामुळे त्यात खिशातील जागा आणि थोडी ऐट यांपलीकडे फारसे काही मिळत नाही.

फोल्ड ७ भारतात १,७४,९९९ रुपयांपासून, तर त्याच वर्षीचा न मिटणारा ‘गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा’ १,२९,९९९ रुपयांपासून विक्रीस आला. शिवाय अल्ट्राची बॅटरी ५,००० एमएएचची, तर फोल्डची ४,४०० एमएएचची आहे. किमतीतल्या ४५,००० रुपयांच्या फरकात चांगला मोठा टॅब्लेट येतो, आणि घरी किंवा कार्यालयात बसून वाचणाऱ्यास तोच अधिक सोयीचा ठरतो. तेव्हा प्रवासात, उभ्या-उभ्या रोज कागदपत्रे हाताळणारे वकील, लेखापरीक्षक किंवा संपादक वगळता इतरांनी सध्या घडीच्या फोनच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी आतला पडदा बदलण्याचा खर्च अधिकृत सेवा केंद्रात आधी विचारावा, आणि तो आकडा झेपणारा असेल तरच पैसे मोजावेत.