हँग झालेला प्रोग्रॅम मेलेला असतो का?

मागच्या अंकासाठी मी मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांची मुलाखत घेतली. सर बोलत होते आणि मी समोर बसून थेट लॅपटॉपवर टाईप करत होते. रेकॉर्डिंग नको, मोकळं बोलता येत नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन तासांत सात पानं झाली. निघताना फाईल पेन ड्राइव्हवर सेव्ह करायला घेतली आणि प्रोग्रॅम हँग झाला. खिडकी पांढुरकी पडली, वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं उमटली. मी दहा-बारा वेळा क्लिक केलं, मग वैतागून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘एंड टास्क’ दाबलं. पेन ड्राइव्हचा बारीक दिवा तेव्हा लुकलुकत होता. मला तो दिसला होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

फाईल अर्धवट लिहिली गेली होती, ती उघडेचना. प्रोग्रॅमने आपणहून राखलेल्या प्रतीत सुरुवातीचं दीड पान तेवढं सापडलं.

मी साहित्याची विद्यार्थिनी. पण साडेपाच पानं गेल्यावर, आत नेमकं काय झालं ते समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. वाचलं, कॉम्प्युटर सायन्सच्या मैत्रिणींना पिडलं, आणि जे कळलं ते इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण ‘क्रॅश’ आणि ‘हँग’ हे शब्द सरमिसळ वापरतो, पण ती दोन वेगळी दुखणी आहेत. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीतली ठराविक जागा दिलेली असते. चुकीमुळे त्याने आपल्या हद्दीबाहेरच्या जागेला हात लावला, की प्रोसेसरच त्याला अडवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, खबर देतो. त्या चुकीवर प्रोग्रॅमने स्वतः काही तोड ठेवलेली नसेल, तर कर्नल त्याला तिथल्या तिथे संपवतो. हा क्रॅश. यात संशयाला जागा नाही, प्रोग्रॅम गेला.

हँगचं तसं नाही. हँग झालेला प्रोग्रॅम जिवंत असतो, फक्त बोलत नाही.

मग तो बोलत नाही हे विंडोजला कळतं कसं? आपण कळ दाबली, माऊस हलवला, की त्याचा एक निरोप तयार होतो आणि त्या प्रोग्रॅमच्या रांगेत जाऊन पडतो. प्रोग्रॅमने तिथून एकेक निरोप उचलायचा, काम करायचं, पुन्हा रांगेकडे यायचं. पाच सेकंद झाले तरी तो रांगेकडे फिरकला नाही, की विंडोज त्याला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. त्यानंतर जे होतं ते मला भलतंच आवडलं. विंडोज त्याची खरी खिडकी लपवून तिच्या जागी तेवढ्याच मापाची, तशीच दिसणारी दुसरी खिडकी ठेवतं. तिचं नावच ‘घोस्ट विंडो’ आहे. म्हणजे ती पांढुरकी खिडकी आपल्या प्रोग्रॅमची नव्हेच, त्याचं भूत! ते भूत आपल्याला सरकवता येतं, बंद करता येतं, बाकी फारसं काही नाही. अँड्रॉइड फोनवरही असाच हिशोब आहे. स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद आला नाही, की ‘थांबायचं की बंद करायचं’ असं तो विचारतो.

कोपऱ्यातली फुली दाबूनही हँग झालेला प्रोग्रॅम का जात नाही, तेही इथेच कळतं. फुली म्हणजे हुकूम नव्हे, ती विनंती आहे, आणि तीही त्याच रांगेत जाऊन उभी राहते. जो रांगेकडे बघतच नाही, त्याला ‘बंद हो’ हे तरी कसं ऐकू जाणार? टास्क मॅनेजरची सक्ती मात्र प्रोग्रॅमची संमती विचारत नाही. लिनक्समध्ये हा फरक अगदी स्पष्ट आहे. तिथे १५ नंबरचा संकेत म्हणजे ‘आवराआवर करून निघ’, आणि ९ नंबरचा म्हणजे थेट शेवट. ९ नंबर प्रोग्रॅमला अडवताही येत नाही आणि सेव्ह करायला क्षणभरही मिळत नाही. आपण टाईप केलेला पण सेव्ह न झालेला मजकूर प्रोग्रॅमच्या मेमरीत असतो, आणि ती जागा सिस्टिम परत ताब्यात घेते. तिच्या लेखी तिथे मुलाखत होती की किराण्याची यादी, सारखंच.

लिनक्समधलाच आणखी एक प्रकार. प्रोग्रॅम संपला, तरी त्याला ज्याने सुरू केलं त्या ‘पालक’ प्रोग्रॅमने त्याच्या शेवटाची दखल घेईपर्यंत त्याचं नाव यादीत राहतं. याला ‘झॉम्बी’ म्हणतात. दफन होऊन गेलं, पण चर्चच्या नोंदवहीत नाव चढवायचं राहिलं, तसं काहीसं. पालक आधीच गेला असेल, तर एरवी पहिल्या क्रमांकाची प्रोसेस त्या अनाथाला दत्तक घेते आणि नोंद उरकते.

पूर्वी हे सगळं एवढं सुखाचं नव्हतं. विंडोज ३.१ च्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं काम थोडं करून समजूतदारपणे दुसऱ्याला जागा द्यायची, अशी पद्धत होती. एकाने जागा अडवली की सगळंच ठप्प. १९९५ च्या विंडोज ९५ पासून नव्या प्रोग्रॅमांसाठी, आणि २००१ च्या मॅक ओएस एक्सपासून मॅकवर, ही सत्ता सिस्टिमने आपल्याकडे घेतली. मशिनमधलं एक घड्याळ सेकंदाला कित्येकदा टोला देतं, आणि प्रत्येक टोल्याला ताबा कर्नलकडे येतो. म्हणून आज एक खिडकी गोठली तरी दुसरीत गाणं वाजत राहतं.

पण मग सिस्टिम स्वतःच का ठरवत नाही, की हा प्रोग्रॅम कायमचा अडकलाय आणि तो नुसता कामात आहे? सगळ्यात जास्त वेळ मी या प्रश्नावर अडले. उत्तर कॉम्प्युटरांच्याही आधीचं निघालं. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९३६ साली दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणून सिस्टिम फक्त घड्याळ बघते. पाच सेकंद हा नुसता अंदाज आहे. पुढचा निर्णय ती आपल्यावर टाकते, आणि आपल्याला त्यातलं तिच्याहूनही कमी ठाऊक असतं.

निदान मला तरी होतं. माझा प्रोग्रॅम अडकला नव्हता, तो हळू चालणाऱ्या पेन ड्राइव्हची वाट बघत होता. तो दिवा तेच सांगत होता. लिनक्समध्ये तर डिस्कच्या अशा प्रतीक्षेत असलेल्या काही प्रोसेस त्या ९ नंबरलाही दाद देत नाहीत. काम होईस्तोवर संकेत ताटकळतो. मला वाटतं मी अजून दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले असते, तर सातही पानं वाचली असती.

पुढच्या आठवड्यात मी सरांकडे पुन्हा गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. ते हसले. ‘‘काय गं, एवढंच ना? बस. कुठून सांगू?’’ या खेपेला मी वही नेली होती. त्यांनी बरंचसं परत सांगितलं, पण वडिलांच्या दुकानाबद्दल पहिल्यांदा जे आपसूक बोलून गेले होते, ते काही आलं नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, ‘‘असं म्हणालो होतो का मी?’’

मागच्या अंकात ती मुलाखत त्या परिच्छेदाशिवाय छापली आहे.