पाणी निघाले, निरोप निघाला का?

जुलैत दोन दिवस पावसाने उघडीप दिली नाही की पुण्याच्या शनिवार पेठेत एकच प्रश्न फिरू लागतो: भिडे पूल गेला का? गेला म्हणजे वाहून गेला नव्हे, पाण्याखाली गेला. डेक्कन आणि पेठांना जोडणारा हा बुटका पूल मुठा नदीची पातळी वाढली की सर्वांत आधी बुडतो. मग ओंकारेश्वराच्या बाजूला माणसे जमतात, नदीपात्रात लावलेल्या गाड्या काढायची धावपळ होते आणि कुणीतरी मोबाईलवर आकडा वाचून दाखवतो: खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक. एका क्युसेकला सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. आकडा ३५ हजार असेल, तर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर.

पेठेतल्या जुन्या घरांमध्ये मात्र हा आकडा नुसता आकडा म्हणून कधीच ऐकला जात नाही. त्यामागे १२ जुलै १९६१ची सकाळ उभी असते.

अंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरे झालेले नव्हते, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीपाशी भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पावसात वाळूची पोती रचून भराव सावरून धरला. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात शिरला आणि काही तासांनी १८७९ सालचे ते दगडी धरणही फुटले. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन हे सगळे भाग पाण्यात गेले. शहराला पाणी पुरवणारे धरणच रिकामे झाल्याने पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. हजाराच्या आसपासचा अंदाज सांगितला जातो. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. बेघरांसाठी पर्वतीच्या पायथ्यापासून गोखलेनगरपर्यंत वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक सोसायट्यांच्या नावात ‘पूरग्रस्त’ हा शब्द अजून आहे.

या हकिगतीत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मधले तास. धरण फुटले आणि पाणी त्याच क्षणी पेठेत आले, असे झाले नाही. भराव खचतो आहे हे धरणावर रात्रभर दिसत होते आणि खाली शहर झोपलेले होते. पाणी पोचायला वेळ लागला, पण तेवढ्या वेळात निरोप घराघरांत पोचला नाही. ज्यांना कळले त्यांच्यातल्या अनेकांना ते शेजाऱ्याच्या ओरडण्यातून कळले.

हवामान बदल, अनुकूलन, प्रादेशिक सहकार्य हे शब्द परिषदांमधून ऐकू येतात, तेव्हा ते फार दूरचे वाटतात. नदीकाठच्या माणसासाठी त्यांचा अर्थ याच मधल्या तासांत आहे. वरच्याने खालच्याला कधी सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले आणि ऐकणाऱ्याकडे हलायला किती वेळ उरला, यावर सगळे ठरते. वरचा आणि खालचा कधी एकाच जिल्ह्यातली दोन खाती असतात, कधी दोन राज्ये, तर कधी दोन देश.

आधी घराजवळचे पाहू. पुण्याच्या वर मुठेच्या खोऱ्यात आज चार धरणे आहेत. वरसगाव १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघे १.९७. वरच्या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यातूनच खाली येते. म्हणजे साखळीतले शेवटचे भांडे सर्वांत लहान. वरची धरणे भरलेली असताना घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला, तर या भांड्यात येणारा येवा थोपवून धरायला जागाच नसते. ३५ हजार क्युसेकच्या येव्याने हे धरण तळापासून काठापर्यंत सोळा तासांच्या आत भरेल. पावसाळ्याच्या मध्यावर ते बहुतेक भरलेलेच असते. मग दरवाजे उघडण्यावाचून अभियंत्यांपुढे पर्याय राहत नाही.

मग धरण जुलैत थोडे रिकामे का ठेवत नाहीत, असा प्रश्न पेठेतला माणूस विचारतो. प्रश्न रास्त आहे. कोणत्या तारखेला जलाशयात किती पाणी असावे, याचे वेळापत्रक जलसंपदा विभागाकडे असतेच. पण याच पाण्यावर पुण्याचे नळ चालतात आणि खडकवासल्याच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीची आवर्तने ठरतात. जुलैत सोडून दिलेले पाणी सप्टेंबरात पावसाने परत दिले नाही, तर उन्हाळ्यात शेतकरी आणि शहर समोरासमोर येतात. पुराची भीती आणि टंचाईची भीती एकाच दरवाजाला दोन बाजूंनी ओढत असतात. त्या दरवाजाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला नुसते दोषी ठरवून हा पेच सुटत नाही.

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे हा पेच सगळ्या शहराने पाहिला. शिवाजीनगरच्या वेधशाळेत चोवीस तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, लोकांना बोटींतून काढावे लागले. शनिवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर, डेक्कनच्या पुलाच्या वाडीत, विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. पुढचे काही दिवस एकाच मुद्द्यावर वाद चालला: पाणी वाढवण्याची सूचना महापालिकेला वेळेत मिळाली होती का? एका खात्याचे म्हणणे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. १९६१नंतर त्रेसष्ट वर्षांनी, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना, प्रश्न तोच होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी उघड झाली. नदीकाठी दोन पूररेषा आखलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक धरून आखली आहे. मग ३५ हजारांना घरांत पाणी कसे शिरले? भराव, राडारोडा, पात्रातले बांधकाम यांनी नदी अरुंद झाली, असे अभ्यासक आणि नदीप्रेमी कित्येक वर्षे कळवळून सांगत आहेत. धरणावरचा माणूस जुन्या नदीचा हिशेब करून पाणी सोडतो, ते येऊन पोचते मात्र नव्या, आक्रसलेल्या नदीत. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचे, काठ महापालिकेचा, आणि नदी त्या दोघांमध्ये वाटली गेलेली.

प्रत्येक पूर धरणातून येतो असेही नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात हाहाकार केला. वीसहून अधिक माणसे गेली. त्या पाण्याला कुठला दरवाजा नव्हता, म्हणून कुठला विसर्गाचा आकडाही नव्हता. हाच ओढा एके काळी आजच्या पेठांमधून वाहत मुठेला मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ तलाव बांधून तो पश्चिमेकडे वळवला गेला. अशा पाण्यासाठी धरणावरच्या फोनचा उपयोग नाही. तिथे पर्जन्यमापक, रडार आणि काही तास आधीचा अंदाज लागतो.

त्या अंदाजाचे घर पुण्यातच आहे. शिवाजीनगरचे ‘शिमला ऑफिस’ शनिवार पेठेतून नदी ओलांडली की जवळच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून इथे हलले म्हणून हे नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या अभ्यासाचे मोठे काम इथेच राहिले. १९६२मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था पाषाणला आहे. खडकवासल्याला धरणाच्या शेजारी, १९१६ साली सुरू झालेले, नद्या-धरणांच्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास करणारे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. पाषाणच्या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्राकडून येणारे बाष्पाचे झोत हे त्याचे एक मोठे कारण. आजोबांच्या अनुभवावर नातवाला विसंबता येत नाही ते यासाठी.

याच पुण्यात एप्रिल २०१०मध्ये दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानतज्ज्ञ एकत्र बसले आणि येत्या मोसमी पावसाचा सामाईक अंदाज मांडण्याची प्रथा सुरू झाली. सासकॉफ हे तिचे लघुनाम. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, म्यानमार, अफगाणिस्तान हे देश त्यात येतात. यांतल्या काहींमध्ये चर्चेचे बाकी सगळे दरवाजे बंद असतानाही ढगांविषयी बोलणे चालू राहते, ही गोष्ट मोलाची आहे. ऑक्टोबर २०२०पासून भारतीय हवामान खाते बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंकेसाठीही अचानक येणाऱ्या पुरांचे मार्गदर्शन काही तास आधी देते.

तरीही दोरी कुठे तुटते, ते ऑगस्ट २०२४मध्ये त्रिपुरा आणि बांगलादेशच्या सीमेवर दिसले. फेनी, कोमिल्ला या जिल्ह्यांत मोठा पूर आला आणि भारताने डुंबूर धरण न सांगता उघडल्याचा आरोप झाला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तो नाकारला. पूर मुख्यतः धरणाखालच्या पाणलोटातल्या पावसाचा होता, असे सांगितले. त्याच निवेदनात एक साधी ओळ होती. २१ ऑगस्टला दुपारी तीनपर्यंत पाणी वाढत असल्याची माहिती बांगलादेशला पाठवली गेली. संध्याकाळी सहाला पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडचण आली. दोन सरकारांमधला करार होता, मोजणीची ठाणी होती, पाठवायला माहितीही होती. निरोप सर्वांत गरजेचा झाला नेमक्या त्या तासाला वीज नव्हती.

मराठी मुलखाला अशा सहकार्याचा धडा मिळाला तो कृष्णाकाठी. सांगली ही कोयना धरणाच्या खालची आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वरची. त्यामुळे सांगलीकर एकाच वेळी साताऱ्याकडे आणि विजापूरकडे कान लावून बसतो. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून सतरा जण बुडाले. अलमट्टीच्या फुगवट्यानेच हा पूर आला, अशी लोकभावना होती. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२०मध्ये अहवाल दिला, त्यात अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी, पूररेषेतली बांधकामे, अरुंद झालेली पात्रे यांवर समितीने बोट ठेवले. हा निष्कर्ष सर्वांना पटलेला नाही आणि अलमट्टीची उंची वाढवण्याला महाराष्ट्राचा विरोध कायम आहे.

पण वाद चालू ठेवूनही काम करता येते, हे याच नदीवर दिसले. जून २०२१मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना भेटले. पुराच्या दिवसांत दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी येवा आणि विसर्गाचे आकडे सतत एकमेकांना द्यावेत, यावर बोलणे झाले. महिन्याभरात परीक्षा आली. जुलैच्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सांगलीत पाणी पुन्हा ५५ फुटांजवळ गेले. इतक्या पावसापुढे कुठलाही समन्वय पूर थांबवू शकत नाही. मात्र वरच्या धरणात काय चालले आहे, हे खालच्या राज्याला वर्तमानपत्रातून कळावे, ही जुनी अवस्था बदलते आहे. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांतल्या पावसाचे आणि पाणीपातळीचे स्वयंचलित आकडे आता पुण्याच्या सिंचन भवनात पडद्यावर येतात. ते शेवटच्या घरापर्यंत नेण्याचे काम अजून पोलीसपाटील, ग्रामपंचायतीचा भोंगा आणि मंडळाची पोरे यांच्याच भरवशावर आहे. आणि बहुतेक वेळा तीच माणसे सर्वांत आधी पोचतात.

ओंकारेश्वराजवळून गेलेले पाणी संगमावर मुळेला मिळते, पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाते आणि दौंडवरून उजनी धरणात उतरते. उजनीच्या खाली पंढरपूर आणि त्याखाली कर्नाटकातला कलबुर्गी जिल्हा. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमेला पूर आला, तेव्हा पंढरपूरचे वाळवंट आणि सीमेपलीकडची गावे एकाच आठवड्यात बुडाली होती. पुणे अशा वेळी वरचे गाव असते.

२०२४च्या उन्हाळ्यात मात्र उजनी उणे साठ टक्क्यांजवळ गेली होती. म्हणजे वापराचे पाणी संपून मृतसाठाही उपसला जात होता. सोलापूर जिल्हा आभाळाकडे नव्हे, पुण्याकडे डोळे लावून बसला होता. जुलैच्या त्याच पहाटे, एकतानगरीतल्या बायका पाठीवर मुले घेऊन जिने चढत असताना आणि शनिवार पेठेत भिडे पुलाची चौकशी चालू असताना, इंदापूर आणि माढ्याच्या बांधांवर एकमेकांना फोन जात होते: दौंडला किती आले?